मालकांच्या दातावरचं सोनं

१

मालकांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायला मी बोट घातलं, आणि त्यांच्या दातावरची सोन्याची कॅप जागेवर नाही हे मला तिथंच कळलं.

जीव जाऊन फार वेळ झाला नव्हता. अंग अजून कोमट होतं. हनुवटी बांधायच्या आधी तोंडात गंगाजळ, तुळस आणि सोन्याचा कण घालायचा असतो, म्हणून राधावन्सं घाई करत होत्या. वन्सं म्हणजे मालकांची धाकटी बहीण. घाई करणं हा त्यांचा जन्माचा धंदा.

"वहिनी, कपाटातनं एखादा मणी काढा की."

"गरज न्हाई," मी म्हटलं. "त्यांच्या तोंडात सोनं हाय."

मालकांची उजवीकडची दाढ सडली होती. डॉक्टरांनी तिचं रूट कॅनल केलं, आतली नस काढून पोकळी भरली, आणि वरून टोपी बसवावी लागेल म्हणून सांगितलं. लोक पांढरी बसवतात. मालकांनी सोन्याची मागितली. आमच्या वाघोलीच्या नाक्यावर बसून सांगायचे, "मेल्यावर तोंडात सोनं घालायला पोरं विसरली तरी माझं अडायचं न्हाई." आणि सांगून इतकं मोठ्यानं हसायचे की शेवटच्या माणसालासुद्धा ते सोनं दिसावं. हसायचे त्याच्याचसाठी.

माझ्या बोटाला सोनं लागलं नाही. अर्ध्यातून तुटलेल्या दाढेचा खुंट लागला.

माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र तसंही थोड्या वेळात उतरायचंच होतं. ते मीच ओढून तोडलं आणि त्यातला एक मणी त्यांच्या जिभेवर ठेवला. पण वन्संची नजर घारीची. त्या वाकल्या, त्यांनी तोंडात पाहिलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"वहिनी, भावाच्या तोंडातनं सोनं काढून नेलंय कुणीतरी. ह्या घरातल्याच माणसानं."

२

अग्नी सुदर्शननं दिला. सुदर्शन माझा धाकटा. बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा असतो, म्हणून मी थांबा म्हणत होते. माझा थोरला मच्छिंद्र. रस्त्याकडेची जमीन बिल्डरला द्यायची म्हटल्यावर त्यानं कागदावर सही करायला नकार दिला होता. मालकांनी भर गावासमोर शपथ घेतली की याचं तोंड मी बघणार नाही, आणि घरातल्यांनाही तीच घातली. मच्छिंद्र गेला. लग्न केलं नाही, पुण्यात कुठल्याशा छापखान्याच्या कामात आहे एवढंच कानावर यायचं. नवऱ्याचा शब्द म्हणून मी माझ्या पोटच्या पोराला इतकी वर्षं फोन केला नाही. पाळायला फार जड गेलं, पण पाळलं.

आता शपथ घालणारा गेला, शपथही गेली. मी सुदर्शनला म्हटलं, "दादाला बोलाव."

"निरोप दिलाय आई. तो बाहेर आहे, राजस्थानकडं. एवढ्यात पोचायचा नाही."

"दहाव्याला येईल?"

"बघू," म्हणून तो तिरडीचे बांबू मोजायला गेला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. मच्छिंद्र दहाव्याला येणार. इतक्या वर्षांनी पोरगा उंबरा ओलांडणार, आणि त्याच्या कानावर पहिलं काय पडणार, तर या घरात मेलेल्या बापाच्या तोंडातलं सोनं चोरीला जातं. ते मला चालणार नव्हतं. तो यायच्या आत चोर सापडायला हवा होता.

वन्संनी तर चोर तिसऱ्या दिवशीच धरला. अस्थी सावडून माणसं आली, चहा झाला, आणि ओसरीवर सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "भावाचं तोंड रोज कोण धुवत होतं? दातांना हात कुणाचा लागत होता?"

हात चंपाचा लागत होता. माझ्या काळजाचं ऑपरेशन झालं, बायपास, तेव्हापासून चंपा दिवसभर आमच्याकडं असते. आधी माझं करायची, मग मालकांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांचं. विधवा बाई, बोलणं कमी, हात स्वच्छ.

"बोल गं," वन्सं म्हणाल्या. "घेतली का न्हाई?"

चंपा खाली बघत उभी राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

"बघा. तोंडातनं शब्द फुटत न्हाई. मी सांगते वहिनी, हिला चौकीवर न्या, तिथं फुटंल."

"वन्सं, तुमच्या घरात बोलत नसलेली बाई चोर ठरत असेल. तसं असतं तर तुमच्याइतकं सज्जन जगात कुणी न्हाई."

लोक गालात हसले. पण चंपाकडं पाहून मला हसू आलं नाही. चोर बाई आधी रडते, देवाची शपथ घेते, पोराबाळांवर हात ठेवते. ही काही करत नव्हती. हिला काहीतरी माहीत होतं, आणि ते सांगण्यापेक्षा चोर ठरणं तिला सोपं वाटत होतं.

३

माझी शाळा चौथीपर्यंत. पण या घरात डबा सरकला तरी तो कुणी सरकवला हे मला आवाजावरून कळतं. मी एकेकाला जवळ बसवून विचारायचं ठरवलं.

आधी सून. तनुजा हिंजवडीला नोकरी करते, कंपनीच्या बसमध्ये दिवसाचा अर्धा जन्म घालवते. स्वभावानं बरी आहे. मी तिला लसूण सोलायला बसवलं. हात कामात असले की तोंड खोटं बोलायला विसरतं.

"तनुजा, कॅप गेलेली तुला कधी कळली?"

"मला? तुम्हाला कळली तेव्हाच, आई."

"मग तू दचकली का न्हाईस? वन्संनी ओरडून सांगितलं, सगळे आत धावले. तू उंबऱ्यावरच बसून राहिलीस."

तिचा लसूण थांबला. "आई, बाबाच गेले, त्यात कॅपचं काय घेऊन बसलात. प्लीज सोडा ना विषय. तुमच्या हार्टला टेन्शन चांगलं नाही."

"माझ्या हार्टचं मी बघते. चंपाला चौकीवर न्यायचं म्हणतायत, ते चालेल तुला?"

ती रडायला लागली. सासरा गेल्यावर रडली होती ते रडणं वेगळं होतं. हे भ्यालेल्या माणसाचं होतं. लसूण तसाच टाकून ती आत गेली.

मग सुदर्शन. तो मोटारसायकल पुसत होता. सुतकात मोटारसायकल पुसणारा माणूस गाडी पुसत नसतो, वेळ काढत असतो.

"चंपानं सोनं घेतलं असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग वन्संना तसं सांग."

"कशाला वाद वाढवायचा? आपण चंपामावशीला काही म्हणत नाही, संपलं."

"संपत न्हाई. गावात तिला आता कुणी कामाला ठेवणार न्हाई. अन् दादा आला की त्याला मी काय सांगू?"

दादाचं नाव काढल्याबरोबर त्यानं फडकं हातात आवळलं. टायर पुसायला लागला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी काढली."

"काय?"

"कॅप. मीच काढली, आई. ते गेल्याबरोबर, तुम्ही आत यायच्या आधी. पकडीनं ओढली. विकली पण. आता चंपामावशीला कुणी काही बोलायचं नाही."

४

मी जेवले नाही. माझ्या पोटच्या पोरानं बापाच्या तोंडात पकड घातली, हे गिळता येईना.

मग हळूहळू डोकं चालायला लागलं, तेव्हा ते गिळायची गरजच नाही हे कळलं. सुदर्शन लहानपणापासून खोटं बोलायला कच्चा. आधी खोटं सांगतो आणि मग त्याला शोभतील असे हातपाय जोडायचं विसरतो.

माझं बोट त्या दाढेवर फिरलं होतं. पकडीनं ओढून दाढ त्याच दिवशी तुटली असती, तर तिची कड ब्लेडसारखी असती, माझं बोट कापलं असतं. मला लागली ती कड बोथट होती. पाण्यात राहिलेल्या खड्यासारखी. ती दाढ तुटून कितीतरी दिवस झाले असले पाहिजेत. आणि वर टोपी असती तर दाढ तुटली कशी असती? म्हणजे सोनं आधी गेलं, दाढ मागून तुटली, आणि माणूस त्याच्याही मागून गेला.

मग आठवायला लागलं. संक्रांतीला मी तिळगुळाची वडी दिली, मालकांनी ती तोंडात टाकली आणि चावता चावता एकदम थांबले. हात गालावर गेला. भिंतीकडं तोंड करून बसले. मी म्हटलं, वडी कडक झाली असेल तर सांगा की सरळ, नव्या नवरीसारखं रुसताय काय. त्यानंतर चंपा त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली. मला वाटलं, म्हातारपण.

पण मग सोनं नसल्याचं मला दिसलं कसं नाही? मी रोज त्या माणसासमोर बसत होते.

याचं उत्तर सापडलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ते सोनं आतल्या बाजूला होतं. ते दिसायला माणूस हसावा लागतो. माझं ऑपरेशन दिवाळीच्या तोंडावर झालं. मी इस्पितळातून घरी आले, तेव्हापासून मालक हसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चंपाला म्हटलं, "पिशवी घे. दातांच्या डॉक्टरकडं जायचंय."

तिचा चेहरा उतरला. "आजी, कशाला? तुमचे दात तर चांगले हायती."

"माझे चांगले हायती म्हणूनच चाललेय. रिक्षा बोलाव."

"कुठं जायचं म्हायती हाय का तुमाला?"

"नारायण पेठ. नाव आम्रपाली. मालक सतरांदा सांगायचे, लई हलक्या हाताची बाई हाय."

रिक्षात बसल्यावर मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. आमच्या वाघोलीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना दातांचे दवाखाने झालेत. भाजीवाल्यांपेक्षा जास्त. ते सगळे सोडून माझा नवरा एका दाढेसाठी, त्या असल्या गर्दीतून, नारायण पेठेत का जात होता? आणि परत परत का जात होता? नस काढायला गेले, भरायला गेले, माप द्यायला गेले, टोपी बसवायला गेले, ते समजू शकते. पण त्यानंतरही जायचे. जरा उंच वाटते म्हणायचे, जरा घट्ट वाटते म्हणायचे.

रिक्षा एका बोळाच्या तोंडाशी थांबली. दवाखाना वरच्या मजल्यावर होता. खाली एक दुकान, शटर ओढलेलं. चंपा माझा दंड धरून मला जिन्याकडं ओढायला लागली, इतकी घाईनं की मी मुद्दाम थांबले. शटरवर पाटी होती. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडत मी ती वाचली.

मच्छिंद्र बाइंडिंग वर्क्स.

५

म्हणजे तो राजस्थानात नव्हता. इथं होता. आणि त्याचा बाप, ज्यानं भर गावात त्याचं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेतली आणि माझ्याकडून पाळून घेतली, तो दाढेचं निमित्त काढून या दुकानात येऊन बसत होता.

मला इतका राग आला आणि त्या रागाच्या आत इतका आनंद झाला की जिना चढताना धाप लागली ती कशाची हे सांगता येणार नाही. मेल्यावर मालकांना गाठून काय ऐकवायचं ते मी ठरवून टाकलं. शटर बंद होतं, पण जेवायला गेला असेल. खाली येईपर्यंत परत येईल. कुलपावर धूळ होती. ती मी पाहिली, पण तिचा अर्थ लावायला मन घेईना.

डॉक्टर आम्रपाली तरुण होत्या, चष्म्याच्या. मी नाव सांगितलं तशा उठून उभ्या राहिल्या.

"आजी, बसा. आजोबा गेल्याचं मला आत्ता तुमच्या कपाळाकडं बघून कळलं. कधी?"

मी सांगितलं. म्हटलं, "त्यांच्या सोन्याच्या टोपीबद्दल विचारायचंय. ती तोंडात न्हवती. दाढही तुटली होती, अन् तुटलेली कड बोथट होती."

"मग तुटून बरेच दिवस झाले असणार," त्या म्हणाल्या. "रूट कॅनल केलेल्या दाताची वरची भिंत बरीचशी गेलेली असते आजी. आत खुंटी बसवून आम्ही तो बांधून काढतो, पण चावायचा जोर टोपीच घेते. टोपी निघाली आणि तसंच खात राहिलं, तर तो कधी ना कधी चिरणारच. मी त्यांना किती फोन केले. म्हटलं, नवी बसवू, लगेच या. नुसतं हो म्हणायचे."

"टोपी निघाली कशी?"

"आतलं सिमेंट झिजलं होतं, सैल झाली आणि हातात आली. काही विशेष नाही, साफ करून परत बसवायची. ते कॅप कागदात गुंडाळून घेऊन आले होते. दिवाळीच्या आधी. तुमचं ऑपरेशन झालेलं होतं, तुम्ही आयसीयूत होता, तेही मला त्यांनीच सांगितलं."

"मग बसवली का न्हाई?"

डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागल्या. चंपा दाराजवळ उभी होती, तिनं मान खाली घातली.

"मी दात साफ केला, सुकवला. कॅप त्यांच्याच तळहातावर होती. सिमेंट कालवायला घेतलं आणि त्यांचा फोन वाजला. ऐकलं आणि ते उठले. गळ्यात माझा रुमाल तसाच. मी म्हटलं, आजोबा, दोन मिनिटं. ते म्हणाले, थोरला. एवढंच. आणि कॅप मुठीत तशीच धरून जिना उतरून गेले."

समोर दाताचा एक मोठा प्लास्टरचा नमुना होता, त्याच्याकडं मी बघत राहिले.

मला आणखी काही विचारावं लागलं नाही. सगळं माझ्याजवळ आधीपासून होतं. मी इस्पितळातून घरी आले तेव्हा सुदर्शनच्या डोक्यावर केस नव्हते. तुझ्या ऑपरेशनचा नवस होता, तिरुपतीला जाऊन आलो, म्हणाला होता. पण घरात लाडू नव्हता. तिरुपतीला जाऊन लाडू न आणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या दिवाळीला आमच्या दारावर आकाशकंदील लागला नाही, तनुजानं कढई चढवली नाही. मला सांगितलं, तुमच्या आजारपणामुळं. मी म्हटलं, काय मायेची माणसं आहेत.

ती आजारपणाची दिवाळी नव्हती. सुतकातली होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "खालच्या दुकानाचं कुलूप कधीपासून आहे?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चंपाकडं पाहिलं. त्यांच्या तोंडचा रंग गेला.

"आजी, तुम्हाला घरी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला म्हायती हाय सगळं. मी आपलं कुलपाचं विचारलं."

परक्या माणसासमोर मी कधी कोसळले नाही आणि त्या दिवशीही कोसळणार नव्हते. पदर सारखा करून उठले. त्या जिन्यापर्यंत आल्या, हात धरू लागल्या. मी धरू दिला.

"खालचे दादा दुपारचे चहा घेऊन वर यायचे," त्या हळूच म्हणाल्या. "आजोबांची कॅप कधीच उंच नव्हती, आजी. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. पण ते आले की मी थोडंसं घासल्यासारखं करायची आणि परत बोलवायची."

६

रिक्षात चंपा रडत होती.

"मला शपथ घातली हुती आजी. मालकांनी. म्हणाले, मी सांगीन तिला, माझ्या तोंडानं सांगीन, तू बोलायचं न्हाईस. रोज म्हणायचे, आज सांगतो. तुमच्याजवळ येऊन बसायचे बी."

येऊन बसायचे, हे खरं आहे. संध्याकाळी यायचे, माझ्या औषधांची पाकिटं उलटीपालटी करायचे आणि उठून जायचे. मी म्हणायचे, काही काम नसलं की माणूस असा भुतासारखा फिरतो.

"गप्प बस," मी तिला म्हटलं. "तू काही चुकली न्हाईस."

घरी वन्सं ओसरीवरच होत्या, दहाव्याच्या सामानाची यादी सगळ्यांना ऐकवत. सुदर्शन, तनुजा, शेजारच्या दोघी. मी पायरीवरच थांबले आणि चंपाला माझ्या शेजारी उभं केलं.

"वन्सं, सोनं सापडलं."

"कुणाकडं?"

"माझ्या थोरल्याकडं. बापानं दिलं त्याला."

सुदर्शन उठला. माझ्या तोंडाकडं पाहून त्याला कळलं, आणि तो परत खाली बसला. वन्संना काही कळेना. त्या म्हणाल्या, "मच्छिंद्र आलाय? कधी?"

"न्हाई आला. यायचा न्हाई. वन्सं, तुम्ही या बाईला सगळ्यांसमोर चोर म्हणालात, तर सगळ्यांसमोरच तिचा हात धरा अन् माघार घ्या. मग घरी जा. मला माझ्या पोराशी बोलायचंय."

वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा उलटं विचारलं नाही. चंपाचा हात धरला आणि गेल्या. बाकीच्याही गेल्या.

मी सुदर्शनसमोर बसले.

"पकडीनं काढलीस म्हणे."

तो रडत होता. चाळिशी उलटलेला गडी, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून.

"तुला काय वाटलं, चोर पोरगा मला सोसंल अन् मेलेला सोसणार न्हाई?"

"डॉक्टर म्हणाले होते, शॉक बसला तर आई टिकणार नाही. काही महिने नको. मग बाबा म्हणाले, मीच सांगणार. आणि मग ते पण..." त्यानं माझा पदर मुठीत धरला. "दहाव्यानंतर सांगणार होतो आई. तोवर कसंतरी ढकलायचं होतं."

"त्याचंही हार्टच होतं?"

"हो. कामाला छापखान्यात गेला होता, तिथंच. सकाळी. तो आधीच गेला होता, आम्ही पोचलो तेव्हा."

"अन् सोनं?"

तनुजा दाराला धरून उभी होती. तिनंच सांगितलं. वैकुंठ स्मशानात सगळं तयार झालं. गुरुजी म्हणाले, तोंडात ठेवायला सोन्याचा कण आहे का कुणाजवळ. घाईत कुणी काही आणलं नव्हतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सुदर्शन स्वतःची अंगठी ओढत होता, ती बोटातून निघेना. तेव्हा मालक पुढं आले. त्यांची मूठ सकाळपासून मिटलेलीच होती, ती त्यांनी उघडली. कॅप पोराच्या जिभेवर ठेवली आणि त्याचं तोंड स्वतःच्या हातानं मिटलं. गळ्यात अजून डॉक्टरांचा रुमाल होता. तो कुणीतरी मागून सोडला.

म्हणूनच त्यांनी दुसरी टोपी बसवली नाही. मला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुटकी दाढ घेऊन, एका बाजूनं जेवत, तोंड मिटून तो माणूस माझ्यासमोर बसत होता. जे मला सांगणं त्याला जमत नव्हतं ते तोंडातच ठेवून बसत होता. त्यांना चार शब्द ऐकवायचे म्हणून मी जिना चढताना ठरवले होते. ते आता कुणाला ऐकवू?

मी सुदर्शनचं डोकं वर केलं. त्याच्या तोंडावरचं पाणी माझ्या पदरानं पुसलं.

"आता पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "फोन आला तिथपासून. काही गाळायचं न्हाई. मला बघायला मिळालं न्हाई ते सगळं सांग. त्याच्या अंगात काय होतं?"

"शर्ट. निळा. रेघांचा."

"इस्तरीचा?"

"हो. इस्तरीचा होता."

"केस पिकले होते?"

"कानाजवळ. थोडे."

"तोंडावर दुखल्यासारखं दिसत होतं?"

"नाही आई. झोपल्यासारखा होता. हाताला बाइंडिंगची खळ लागलेली होती, वाळलेली. ती मी पुसली."

"दोन्ही हातांना?"

तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. तनुजा पाणी घेऊन आली, माझ्या गोळ्याही तिच्या हातात होत्या. मी तिला खुणेनं थांबवलं.

"नक्की आठवत नाही, आई."

"आठव," मी म्हटलं. "मी बसलेय."